खांब गाठेपर्यंत

पहाटे बोराटे सर पलंगावरून पडले. खांद्याजवळचं हाड मोडलं. मी दार उघडून बाहेर आले तेव्हा ते रिक्षात बसले होते आणि मालनकाकू त्यांच्या पायात चपला घालत होत्या. मुलगा सचिन पाठीमागे पाण्याची बाटली घेऊन उभा होता. मी विचारलं, "पडले कसे?"

काकू म्हणाल्या, "पडलं न्हाईत, बाई. सूर मारला त्यांनी."

सर आमच्या इंदापूरच्या शाळेत खेळाचे शिक्षक होते आणि त्याच शाळेत मी ग्रंथपाल. बारामती रस्त्याच्या कडेला आमची घरं शेजारीशेजारी, मध्ये कमरेएवढी भिंत. सर खो-खोचे. त्या खेळाची एक अट साऱ्यांना ठाऊक असते, तरी इथे सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. पाठलाग करणारा गडी एकदा एका दिशेने निघाला की त्याला मागे वळता येत नाही. मैदानाच्या टोकाला रोवलेला खांब गाठायचा आणि मगच दिशा बदलायची. आणि समोरचा गडी त्या खांबाजवळून निसटायला लागला, तर एका हाताने खांब धरून अंग झोकून द्यायचं. हा सूर. सरांनी तो अनेक वर्षं मुलांना शिकवला. त्या पहाटे पलंगाच्या कडेचा दांडा धरून त्यांनी झोपेतच तो मारला.

दिसायला सर लहानखुरे होते. मान थोडी पुढे, पोटऱ्या दगडासारख्या. पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट. रविवारी खडूच्या पाण्यात फडकं बुडवून ते बूट रंगवायचे आणि भिंतीवर उन्हात ठेवायचे, त्यामुळे आमच्याकडे वार कळायचा. गळ्यात काळ्या दोरीची शिट्टी असायची, पण ती क्वचितच वाजे. म्हणायचे, "सारखी फुकली की पोरं बहिरी हुत्यात." शाळा भरायच्या आधी ते मैदान आखायचे. पत्र्याच्या डब्याला खिळ्याने भोकं पाडलेली, त्यात फक्की, म्हणजे चुन्याची पूड. डबा हलवत ते उलट पावली चालत जायचे आणि मागे रेघ उमटत जायची. दोन खांबांना जोडणारी लांब मधली पाटी आणि तिला छेदणाऱ्या आडव्या पाट्या. आखलेल्या रेघेवर त्यांनी कधी पाय दिला नाही. स्नेहसंमेलनात प्रमुख पाहुणे रांगोळी तुडवून स्टेजकडे गेले, आणि त्यांच्यामागून सर, कोट घातलेले, ती रांगोळी उडी मारून ओलांडून गेले. हसू आवरेना कुणाला.

मधल्या सुट्टीत ते ग्रंथालयात यायचे आणि उभ्यानेच वर्तमानपत्र वाचायचे. चहाही उभ्याने प्यायचे. मी खुर्ची पुढे करत असे.

"बसा की सर."

"नगं. बसलं की पाय झोपत्यात, बाई."

ग्रंथालयाची खिडकी मैदानाकडे होती. पुस्तकांना नंबर घालताना त्यांचा आवाज कानावर पडायचा. "आरं, कुठं वळतूस? खांब गाठ, मग तोंड फिरव." दुपारभर हे एकच वाक्य. खो-खो मी आयुष्यात खेळले नाही, पण ते वाक्य मला पाठ झालं.

सरांची झोप शाळेत प्रसिद्ध होती. एकदा मुलींचा संघ बारामतीला स्पर्धेला न्यायचा होता आणि सोबत बाई हव्यात म्हणून मला पाठवलं. मुक्काम तिथल्या एका शाळेच्या वर्गांत. मी मुलींबरोबर एका वर्गात, सर बाहेरच्या व्हरांड्यात. जेवणं झाल्यावर त्यांनी मुलींना "झोपा आता" एवढंच सांगितलं, हाताची उशी केली, फरशीवर आडवे झाले आणि झोपलेसुद्धा. मुली चकित. संगीता नावाची एक द्वाड मुलगी होती, संघाची कप्तान. तिने फळ्याजवळचा खडू घेतला आणि झोपलेल्या सरांच्या भोवती, अगदी त्यांच्या कोपरांच्या वळणावळणाने, रेघ काढली. सर हलले नाहीत. पहाटे उठले, स्वतःभोवतीची रेघ पाहिली, आणि जागच्या जागी उभे राहून तिच्यावर पाय न देता बाहेर उडी मारली. कुणी काढली हे विचारलं नाही. मैदानावर मात्र संगीताला दोन फेऱ्या जास्त पळवलं आणि म्हणाले, "हात चांगलाय तुझा. पुढल्या वर्षी फक्की तूच मार."

पुढे ती खरंच खेळाची शिक्षिका झाली. वालचंदनगरला नवऱ्याच्या क्वार्टरमध्ये राहते. सरांकडे येत-जात असायची.

सर निवृत्त होण्याच्या आधीपासूनच मालनकाकू भिंतीपलीकडून सांगायच्या, "रातीच्याला परत मॅच होती ह्यांची. मला दोन लाथा." झोपेत ते ओरडायचे, हात फेकायचे, पळायचे. मी विचारायची, "मग कोण जिंकलं?" काकू म्हणायच्या, "मला काय ठावं? मी तर पलंगाखाली हुते." आम्ही हसायचो. सरही हसायचे. सकाळी त्यांना त्यातलं काहीच आठवत नसे. आळीत तो एक कायमचा विनोद झाला होता.

हाड बसवायला बारामतीला नेलं तिथे मेंदूच्या डॉक्टरांनाही दाखवलं, कारण सर अधूनमधून सचिनला ओळखत नव्हते. डॉक्टरांनी आधी झोपेबद्दलच विचारलं. मग समजावून सांगितलं. स्वप्न पडत असताना आपलं अंग आपोआप सैल पडतं, म्हणून स्वप्नात धावलो तरी आपण अंथरुणातच राहतो. यांचं अंग सैल पडत नाही. स्वप्नात धावले की खरंच धावतात. स्मृतिभ्रंशाचा एक प्रकार असा असतो की त्यात झोप आधी बिघडते, कित्येक वर्षं आधी, मग चाल, मग बाकीचं.

सर शांतपणे ऐकत होते. डॉक्टरांचं संपल्यावर त्यांनी विचारलं, "पण ते पोरगं आउट झालं का?"

काकूंनी हे मला आल्यावर सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "आपन इतकी वर्सं हसत हुतो, बाई."

दवाखान्यात आणखी एक गोष्ट झाली होती. सर खाटेवरून उतरायला बघतात म्हणून त्यांचे हात पट्टीने खाटेला बांधले होते. मोडलेल्या हाडासकट ते पट्टी ओढत राहिले. सकाळी मनगटं सुजलेली. पट्टी सुटल्यावर सरांनी काकूंना विचारलं, "माझं काय चुकलं?" काकूंनी तेव्हाच मनाशी ठरवलं. घरी आल्यावर सचिनला त्यांनी एवढंच सांगितलं, "ह्येंना पुन्हा बांधायचं न्हाय."

घरी परत आलेले सर वेगळे होते. कधी अगदी पूर्वीचे, वर्तमानपत्र मागणारे, तर तासाभराने अंगणाकडे बोट दाखवून म्हणणारे, "ती पोरं उन्हात बसल्यात. सावलीला घ्या त्यांना." अंगणात कुणी नसे. एकाआड एक विरुद्ध दिशेला तोंड करून बसलेली आठ मुलं त्यांना दिसत. खो-खोत पाठलागाचा संघ तसाच बसतो. काकू आधी घाबरल्या, मग सवय झाली. एकदा मी गेले तर त्या अंगणात तांब्या घेऊन उभ्या.

"काय करता काकू?"

"पोरांस्नी पानी दिलं. दिल्याबिगर हे गप बसत न्हाईत."

चाल बिघडली ती अशी की पाय जमिनीला चिकटायचे. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आले की थांबत. वरचं अंग पुढे जायला निघालेलं, पाय जागेवर. "चला" म्हणावं तर आणखी घट्ट. सचिन हात धरून ओढायचा, ते लाकडासारखे ताठ व्हायचे. एका डॉक्टरने झोपेची गोळी दिली होती, तिने तर ते दोन दिवस वाकेचनात. बारामतीच्या डॉक्टरांनी ती बंद केली आणि सांगितलं की या आजारात काही गोळ्या उलट्या पडतात, माझ्याशिवाय कुणाची घेऊ नका. पाय अडतात त्या जागी जमिनीवर रेघा काढून बघा, असंही ते म्हणाले. कित्येकांचे पाय रेघ दिसली की उचलतात.

संगीताला हे कळलं आणि ती फक्कीचा डबा घेऊनच आली. तिने घर पाहिलं, पदर खोचला आणि मैदान आखावं तसं घर आखलं. पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत एक लांब रेघ, आणि तिला छेदणाऱ्या आखूड रेघा. सर पाहत होते. तिचं आखून झाल्यावर म्हणाले, "सरळ आलीय." कितीतरी दिवसांनी त्यांनी कुणाच्या कामाला दाद दिली होती.

आणि ते चालले. पहिली आडवी रेघ दिसताच पाय उचलला, दुसरी, तिसरी. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. सर मागच्या दारापर्यंत गेले, दाराची चौकट शिवली, वळले, परत पुढच्या दारापर्यंत आले. पुन्हा गेले. पुन्हा आले. आम्ही चहा केला, प्यायला, तरी ते जात-येत होते. मग काकूंच्या लक्षात आलं. सरांनी एका हाताने पायजमा घट्ट धरला होता. मोरी त्या लांब रेघेच्या पलीकडे होती.

मधली पाटी पाठलाग करणाऱ्याला ओलांडता येत नाही. ओलांडली की फाउल. सर तिच्या कडेकडेने फिरत होते, मोरीकडे बघत होते, आणि जात नव्हते. शेवटी पायजमा भिजला. त्यांनी खाली पाहिलं आणि मग संगीताकडे पाहिलं. ओल रेघेपर्यंत आली होती.

संगीता जमिनीवर बसली आणि ओल्या फडक्याने ती लांब रेघ पुसू लागली. पुसता पुसता म्हणत होती, "चुकलं माझं सर. फाउल माझा. तुमचा न्हाय." आडव्या रेघा तेवढ्या राहिल्या. त्यांवरून मात्र सर पुढे कितीतरी दिवस चालले. जाण्याआधी तिने काकूंना आणखी एक शिकवलं. सर खुर्चीतून उठत नसले की हात ओढायचा नाही. मागे जायचं, पाठीवर हात ठेवायचा आणि म्हणायचं, "खो." सर उठायचे. काकूंना सुरुवातीला लाज वाटायची. म्हणायच्या, "नवऱ्याला खो द्यायचा म्हंजी काय."

घरातलं असं थोडं मार्गी लागलं, पण संध्याकाळचं लागेना. दिवस कलला की सरांची घालमेल सुरू व्हायची. बूट शोधायचे, शिट्टी गळ्यात घालायचे. "मैदान आखायचं राहिलंय," म्हणत फाटक उघडून निघायचे. पावलं लहान लहान, अंग पुढे झुकलेलं, वेग वाढतच जाणारा. उसाचा हंगाम, बारामती रस्त्याने दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर. सचिन मागून पळत जायचा, खांदा धरून त्यांना फिरवायचा. एके दिवशी असं फिरवताना त्यांचे पाय एकमेकांत अडकले आणि ते डांबरावर तोंडावर पडले. कपाळाला टाके पडले.

त्या संध्याकाळी मी सरांसाठी दूध घेऊन गेले होते. अंगणात मायलेकांचं चाललं होतं.

"आई, पुण्याला एक संस्था हाय. आबांसारखी मानसं ठिवत्यात तितं. न्हायतर मग दिवस मावळला की खाटेला बांधायचं. मऊ पट्टा मिळतो. लागत न्हाय."

"बांधायचं न्हाय."

"मग मी काय करू सांग. एमआयडीसीत दिवसभर मशीनपुढं उभा ऱ्हातो, रातभर ह्यांच्या मागं. परवा लासुर्ण्याजवळ गाडीवर डोळा लागला माझा. खडीत गेली म्हनून वाचलो. तुला सांगितलं न्हाय."

काकू खाटेवर बसलेल्या सरांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "संस्थेत ठिवायचं तर मला बी तितंच ठिव."

"तसं ठिवत न्हाईत, आई."

सचिन वाईट मुलगा नव्हता. त्याचे डोळे लाल होते. शेवटी तो म्हणाला, "संक्रांतीपर्यंत बघू. न्हाय जमलं तर मग मी म्हनंल ते."

संक्रांत जवळच होती. काकू दिवसभर घरात फिरत, काही उचलत, काही ठेवत. संध्याकाळ आली की फाटकाशी उभ्या राहत. सरांसारखंच त्यांनाही एका जागी राहवेना.

एकदा मी शाळेतून येत होते. समोरून सर झपझप येताना दिसले, आणि बऱ्याच मागे काकू, धापा टाकत, पदर सावरत. सचिन कामावर. काकूंनी लांबूनच हात केला. मी पुढे झाले, पण धरायचं धाडस होईना, कपाळावरचे टाके दिसत होते. मी नुसती त्यांच्या आणि रस्त्याच्या मधून चालू लागले. सरांनी माझ्याकडे बघितलंही नाही. चौकातल्या विजेच्या खांबापाशी ते पोचले. डावा तळवा त्यांनी खांबावर टेकवला, खांबाला वळसा घातला, आणि तोंड घराकडे करून चालू लागले.

काकू वाटेतच थांबल्या होत्या. सर त्यांच्या शेजारून गेले. मग आम्ही दोघी त्यांच्या मागून चाललो. फाटकातून ते आत गेले तेव्हा काकू म्हणाल्या, "ते मधनं वळनारच न्हाईत, बाई. आपन उगं मधनंच धरत हुतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सरांना स्वतःहून फाटक उघडून दिलं. सर गेले, खांब शिवला, परत आले. सचिनला सांगितलं तर त्याला पटेना. सुट्टीच्या दिवशी तो स्वतः मागून गेला. हात पुढे जातील म्हणून त्याने ते पाठीमागे धरले होते. परत आला आणि पायरीवर बसला. मग आईला म्हणाला, "मला शिकवलं हुतं की हे आबांनी. चौथीत असताना. मधनंच वळलो म्हनून दिवसभर बोलले न्हवते माझ्याशी."

रस्त्यावरचे ट्रॅक्टर मात्र होतेच. दोन दिवसांनी सचिन माझ्याकडे आला. शाळेत आता मॅटचं मैदान झालं आहे, नळीचे खांब आहेत, मग जुने लाकडी खांब कुठे असतील? ते अडगळीच्या खोलीत होते, मोडक्या बाकांखाली. मुख्याध्यापकांनी दिले. भोगीच्या दिवशी सचिनने अंगणाच्या दोन टोकांना खड्डे घेतले आणि खांब रोवले. सर खुर्चीत बसून बघत होते. काकूंनी पाठीवर हात ठेवून खो दिला. सर उठले, पहिल्या खांबापाशी गेले, त्याला धक्का देऊन पाहिला.

"हालतोय. खोल घे."

सचिन घामाघूम झालेला. पण त्याने खांब उपसला आणि पुन्हा खणायला लागला. सरांनी दुसऱ्यांदा धक्का दिला आणि काही न बोलता चालायला लागले. एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत, परत पहिल्यापर्यंत. संध्याकाळभर. फाटक उघडंच होतं. फाटकाकडे त्यांनी पाहिलं नाही.

संक्रांतीला मी तिळगूळ द्यायला गेले. संस्थेचं नाव कुणी काढलं नाही. पुढेही काढलं नाही.

सरांचा आजार यामुळे थांबला नाही. झोप तशीच तुकड्यातुकड्यांची. शाळेतून उंच उडीची जुनी गादीही मिळाली होती, ती जमिनीवर टाकून तिच्यावर ते निजत, त्यामुळे सूर मारला तरी हाड मोडत नसे. भिंतीपलीकडे पावलांचा आवाज सुरू असायचा. मी वाचत बसले की ऐकू यायचा. थांबला की जीव टांगणीला लागायचा, आणि पुन्हा सुरू झाला की मी पान उलटायची.

मग तो आवाज हळू झाला. मधे मधे थांबू लागला.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ती दुपार होती. ऊन भिंतीवर आलं होतं. दोन खांबांच्या मध्ये सर थांबले होते. खाली संगीताने अंगणातही आखून दिलेल्या आडव्या रेघा होत्या, तरी पाय उचलत नव्हता. काकू मागे उभ्या. सरांनी इकडेतिकडे पाहिलं, कुणाला तरी थोडं सरकायला सांगितल्यासारखा हात केला, आणि सावकाश गुडघे दुमडून, भिंतीकडे तोंड करून, खाली बसले. एक हात जमिनीला टेकलेला, मान वर. त्या आठ पोरांच्या रांगेत जाऊन ते बसले होते. उभ्याने चहा पिणारा माणूस.

काकूंचा हात सवयीने त्यांच्या पाठीवर गेला. मी भिंतीशी होते. आता त्या खो म्हणतील आणि सर उठतील, असं मला वाटलं. काकू काही म्हणाल्या नाहीत. हात तसाच ठेवून त्याही खाली बसल्या. सर त्यांच्या गुडघ्याला टेकले. थोड्या वेळाने त्यांचे डोळे मिटले.

"झोपले?" मी विचारलं.

काकूंनी मान डोलावली. "हात बी हलत न्हाय. बसू दे. उठवत न्हाय मी आता."

त्या आठवड्यात सरांच्या छातीत कफ भरला. बारामतीला नेलं. तिथून ते परत आले नाहीत.

सगळं झाल्यावर एके दिवशी सचिनने कपडे वाळत घालायला दोरी आणली होती. खांब होतेच. काकूंनी त्याच्या हातातून दोरी काढून घेतली.

अंगणात दोन खांब आहेत. कपडे गच्चीवर वाळतात.